शरयूबाई आणि सू लोकांचे रोजचे जगणे

शरयूबाई खांडवेकर यांना मी पहिल्यांदा पाहिले ते आमच्या शाळेच्या मैदानावर, एका टेंट हाऊसवाल्याशी वाद घालताना. मी तेव्हा देवासच्या मुलींच्या शाळेत नववीत होते. शाळेच्या प्रदर्शनासाठी बाईंना कोणीतरी बोलावले होते आणि त्यांनी ‘सू लोकांचा तंबू’ उभारून दाखवायचे कबूल केले होते. बांबू आणि जुनी ताडपत्री घेऊन आलेल्या माणसाने सवयीने पहिला बांबू मैदानाच्या मधोमध रोवला होता.

“मैडम, बीच में बल्ली नहीं दूँगा तो गिर जाएगा. फिर मेरे को मत बोलना.”

“भिया, बीच में तो चूल्हा रहता है,” बाई म्हणाल्या.

“तंबू के अंदर चूल्हा? आपका तंबू है कि रसोई?”

“दोनों है. तुम चाय पी लो, तब तक लड़कियाँ लगाएँगी.”

तो हसत चहाला गेला आणि बाईंनी आम्हाला हाक मारली. उत्तर अमेरिकेच्या गवताळ मैदानांवर राहणाऱ्या या लोकांत तंबू हा बाईमाणसाचा असतो, असे त्यांनी सांगितले. कातडी शिवायची तिने, खांब निवडायचे तिने, मुक्काम हलला की उतरवायचा आणि पुन्हा उभारायचा तिनेच. नवरा-बायको वेगळी झाली तर घर तिच्याकडे राहायचे. आधी तीन खांब वरच्या टोकाला बांधून उभे करायचे आणि बाकीचे त्यांच्यावर टेकवायचे. आमचा तंबू दोनदा कोसळला. तिसऱ्यांदा उभा राहिला, पण मागे कललेला. आम्ही तो सरळ करायला धावलो तर बाईंनी थांबवले. “राहू द्या. तो असाच असतो. वाऱ्याकडे पाठ करून.” टेंट हाऊसवाला परत आला, त्याने आत वाकून पाहिले आणि बाजूला पडलेला मधला बांबू खांद्यावर टाकून घेऊन गेला.

बाईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात त्यांच्या सहकाऱ्यांनी आणि नामवंत विद्यार्थ्यांनी लिहिले आहे. मी त्यांची वर्गातली विद्यार्थिनी नाही. मी बारावीनंतर त्यांच्याकडे वाचनाला जाऊ लागले, कारण त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचा त्रास वाढला होता आणि बारीक अक्षर त्यांना दिसेनासे झाले होते. गेली सहा वर्षे मी त्यांच्या वह्या मोठ्याने वाचते आणि टंकित करते. त्यामुळे त्यांच्या कामाबद्दल जे जवळून पाहिले तेवढेच लिहिते.

बाई धारच्या महाविद्यालयात भूगोल शिकवीत. गवताळ प्रदेशाच्या धड्यात उत्तर अमेरिकेच्या मैदानांचे वर्णन ‘गव्हाचे कोठार’ असे होते. वर्गात नर्मदाकाठच्या निसरपूरकडची एक मुलगी होती. तिचे घर आणि शेत धरणाच्या पाण्यात जायचे होते. तिने विचारले, “मैडम, गेहूँ से पहले वहाँ कौन रहता था?” बाईंना उत्तर आले नाही. दुसऱ्या दिवशीही आले नाही. पुढे वाचताना त्यांना कळले की गव्हाच्या आधी तेथे जे राहत होते त्यांच्याही नदीकाठच्या जमिनी धरणाखाली गेल्या आहेत. ते त्यांनी त्या मुलीला सांगितले की नाही, हे मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “सांगायला गेले, तेव्हा ती कॉलेज सोडून गेली होती.” तेव्हापासून जे वाचन सुरू झाले ते निवृत्तीनंतर, देवासला परत आल्यावरही थांबले नाही. त्यातून मराठीत एक पुस्तक तयार झाले: सू लोकांचे पारंपरिक जगणे. ‘सू’ हे नाव त्यांना इतरांनी दिले. ते स्वतःला लाकोटा, डाकोटा असे म्हणवतात, हे पुस्तकाच्या पहिल्याच परिच्छेदात आहे.

बाईंची काम करण्याची एक पद्धत आहे. प्रत्येक प्रकरणाला एक मोठी वही. डाव्या पानावर प्रवासी, सैनिक, धर्मोपदेशक आणि संशोधक यांनी काय लिहिले ते. उजव्या पानावर त्या लोकांनी स्वतः काय सांगितले ते. उजवे पान कोरे असेल तर डाव्या पानावरची गोष्ट पुस्तकात घ्यायची नाही, निदान नि:शंकपणे घ्यायची नाही. पुष्कळ उजवी पाने वर्षानुवर्षे कोरी होती. बाईंना त्याची घाई नसे.

माझे शिक्षण हिंदीत झाले. घरात आम्ही मराठी बोलतो, पण छापील मराठी मी तोपर्यंत लग्नपत्रिकेपलीकडे वाचली नव्हती. पहिल्या महिन्यात मी ओळीओळीला अडखळत असे. बाई मध्येच दुरुस्त करीत नसत. पान संपले की सगळे वाक्य त्या स्वतः, सहज बोलल्यासारखे एकदा म्हणत आणि “हं, पुढे” म्हणत. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेली मी पहिली. ती पदवी महाविद्यालयाने दिली हे खरे. मराठी मात्र मला त्या “हं, पुढे”ने दिली.

अन्नाच्या प्रकरणाशी आम्ही आलो तेव्हा एक अडचण निर्माण झाली. बायसनचे, म्हणजे तिकडच्या गव्यासारख्या जनावराचे, मांस पातळ कापून, उन्हात वाळवून, कुटून, चरबी आणि रानफळांबरोबर मळून वर्षभर टिकवायचे, हे सगळे वहीत होते. बाई जन्मभर शाकाहारी. त्या म्हणाल्या, “रंजना, हे मी लिहिलंय, पण मला यातलं काही कळत नाही. वाळलेलं मांस कुटताना त्याची भुकटी होते की धागे सुटतात?”

मला उत्तर ठाऊक होते. आमच्याकडे माझी आत्या, कौसाबाई, मटणाच्या लांब पट्ट्या मीठ-हळद लावून दोरीवर वाळवीत असे. त्याला चान्या म्हणतात. शाळा-कॉलेजात मी हा शब्द कधी उच्चारला नव्हता. मैत्रिणी घरी येणार असतील तर मी दोरी काढायला लावत असे. त्या दिवशी मात्र मी सांगितले. बाई म्हणाल्या, “मग आत्यांना भेटायला हवं. मी येऊ की त्या येतील?”

बाईच आल्या. आत्याने आधी त्यांना पाट दिला, मग खुर्ची दिली, मग पदर सावरून जरा तोऱ्यात सांगायला सुरुवात केली.

“सावलीत नाय सुकवायचं. कडक ऊन लागतं, नई तो बास मारतो. आणि पट्टी एकसारखी पायजे. एकीकडे जाडी, एकीकडे पतली, असं केलं की आतून कच्चं राहतं.”

“आणि कुटल्यावर?”

“आधी धागे. मग खूब कुटलं तर भुक्का. तुमचे ते लोक कशात कुटतात?”

“दगडावर. कातड्याच्या खोलगट भांड्यात दगड ठेवून.”

“हां, मग उडत नसेल. शहाण्या बायका आहेत,” आत्या म्हणाली. “तुम्ही खाऊन बघणार का?”

“नाही हो. एवढं काही जमायचं नाही.”

“मग लिहिता कशाला?”

बाईंनी हा प्रश्न हसण्यावारी नेला नाही. प्रकरणाच्या आरंभी त्यांनी लिहिले की लेखिकेने हे अन्न चाखलेले नाही आणि मांस वाळवण्या-कुटण्याविषयीचे बारकावे देवासच्या श्रीमती कौसाबाई यांच्याकडून समजून घेतले आहेत. हे वाक्य टंकित करताना मी दोन वेळा थांबले. त्यानंतर मैत्रिणी आल्या तरी आमच्या अंगणातली दोरी मी काढायला लावली नाही.

पुस्तकात अशी बरीच साधी माणसे आणि साध्या गोष्टी आहेत. मैदानात उगवणारे एक कंद बायका उन्हाळ्याच्या तोंडाशी काठीने उकरतात, सोलतात आणि त्यांच्या देठांची वेणी घालून वाळवतात. सतवासच्या बाजारात लसणाच्या वेण्या पाहिल्याशिवाय बाईंनी ते वर्णन पुरे केले नाही. जावई आणि सासू एकमेकांशी थेट बोलत नसत, हा आदर समजला जाई. हे भाग वाचून दाखवले तेव्हा माझ्या एका विवाहित मैत्रिणीने “ही पद्धत सुनेला का नाही?” असे विचारले होते. माणसाला नावाने न हाकारता नात्याने हाकारायचे, हे तर आम्हाला समजावून द्यावे लागले नाही. वर्षाची आठवण एका चित्रात ठेवायची आणि अशी चित्रे एका कातड्यावर ओळीने काढत जायची, या रीतीवर एक स्वतंत्र प्रकरण आहे.

सर्वांत देखणे प्रकरण मात्र विधींवरचे होते. ते बाईंनी तरुणपणी लिहिले होते, डोळे चांगले असताना, स्वतः काढलेल्या चित्रांसह. ते वाचताना माझ्या अंगावर काटा येत असे. बाईंच्या पंचाहत्तरीला हे पुस्तक छापून यावे असे गौरव समितीने ठरवले, तेव्हा नमुना म्हणून तेच प्रकरण मी इंदूरच्या एका प्रकाशकांना पाठवून दिले. बाईंना विचारले नाही. त्यांना आनंदाचा धक्का द्यावा असा माझा विचार होता. आठ दिवसांत प्रकाशकांचा होकार आला. या प्रकरणासाठीच आपण पुस्तक करतो आहोत, असे त्यांनी स्पष्ट सांगितले.

नंतर त्या वहीचे टंकन ताडून पाहताना माझ्या लक्षात आले की उजवी पाने कोरी आहेत. एखाद-दुसरे नाही, सगळी. मी बाईंना सांगितले. त्यांनी वही मागून घेतली आणि एकेक पान उलटून पाहिले. मग म्हणाल्या, “हे प्रकरण मी नियम ठरवण्याआधी लिहिलं. आणि नंतर ते इतकं आवडलं की तपासलंच नाही.”

तिकडच्या एका वस्तीतल्या लाकोटा शिक्षिकेशी बाईंचा पत्रव्यवहार सुरू होता. ईमेल मीच लिहीत असे. कंदांच्या वेणीबद्दल विचारले तेव्हा त्यांनी कळवले होते की आम्ही ते अजून उकरतो, एक वेणी माझ्या फ्रीजशेजारी टांगलेली आहे. आता बाईंनी विधींबद्दल विचारले. उत्तर छोटे होते. अन्न, घर, नाती यांबद्दल हवे ते विचारा, आनंदाने सांगेन. हे मात्र माझे एकटीचे नाही, त्यामुळे ते मी तुम्हाला देऊ शकत नाही. तुम्ही आधीच लिहिले असेल तर त्याचे काय करायचे ते तुम्ही ठरवा.

आता प्रश्न पुस्तकाचा होता. ते प्रकरण काढले तर प्रकाशक मागे हटणार हे उघड होते, आणि बाईंना स्वतःचे पुस्तक छापलेले दिसेल इतकी दृष्टी किती दिवस राहील हे डॉक्टरही सांगत नव्हते. समितीचे अध्यक्ष नाना मोघे हे बाईंचे बालपणापासूनचे शेजारी. ते तातडीने आले.

“शरयू, जगभर छापून आलंय हे सगळं. तू काढलंस म्हणून ते झाकलं जाणार आहे का?”

“नाही.”

“मग? तिकडे अमेरिकेत कोण वाचणार तुझं मराठी?”

“कोणी नाही.”

“इथे नुसतं ‘नाही नाही’ चाललंय. बाकी पुस्तकात काय आहे? तंबू, कंद, सासू-जावई. लोकांना यात काय?”

“रोजचं जगणं आहे, नाना. तुझ्याकडे दुसरं काही असतं का?”

मीही नानांच्या बाजूने बोलले. मला वाटत होते की ज्ञान सर्वांचे असते आणि ते लपवणे योग्य नाही. बाईंनी माझे पूर्ण ऐकून घेतले. मग त्यांनी सासरची एक हकिकत सांगितली. धारला त्यांच्या घरी कुलाचाराच्या दिवशी एक अभ्यासक पाहुणे म्हणून उतरले होते. सासूबाईंनी त्यांना जेवू-खाऊ घातले. देवघरात काय चालते ते त्या पाहुण्यांनी दाराच्या फटीतून पाहिले आणि पुढे एका मासिकात लिहिले. लेख घरी आला. बाई तेव्हा नव्या सूनबाई होत्या. त्यांनीच तो वाचून दाखवला. शेवटी त्यांनी विचारले, काही चुकलंय का? सासूबाई म्हणाल्या, “चुकलं काहीच नाही. सगळं बरोबर लिहिलंय. पण मी त्यांना ते दिलं नव्हतं.”

नाना उठले, पायांत चपला घातल्या आणि दारातून म्हणाले, “तुझ्या सासूबाईंशी वाद घालायची माझी हिंमत तेव्हाही नव्हती.”

प्रकरण काढले गेले. प्रकाशकांना मी फोन लावून दिला. नमुना मी परस्पर पाठवला हे मी बाईंना त्याआधी सांगितले होते आणि बोलणी खाण्याच्या तयारीत होते. फोनवर बाई म्हणाल्या, “ते प्रकरण आमच्याकडून तपासायचं राहून गेलं. चूक माझी. तुम्हाला त्रास झाला.” माझे नाव त्यांनी घेतले नाही, आणि नंतर मला एकटीलाही कधी बोल लावला नाही. प्रकाशकांनी नम्रपणे, पण लगेच नकार दिला. तो दिवस बाईंनी नेहमीसारखा काढला. फक्त संध्याकाळी वाचन नको म्हणाल्या.

आपली पुस्तके आणि आपली मते यांसाठी झगडणारी माणसे मी पाहिली आहेत. आपले सर्वांत सुंदर लेखन, ज्याबद्दल कोणी तक्रारही केलेली नाही, शांतपणे बाजूला ठेवणारे माणूस मी हे एकच पाहिले. मी ज्ञानाबद्दल जे बोलले होते ते अजूनही मला पुष्कळसे खरे वाटते. पण मागितल्याशिवाय घेतलेले आणि दिल्यावर घेतलेले यांत फरक आहे, हे मला कोणत्याही वर्गात शिकवले गेले नव्हते.

पुस्तक आता देवासमध्येच छापले जात आहे. नानांच्या ओळखीचा एक छापखाना आहे. तेथे मुख्यतः लग्नपत्रिका होतात. विधींच्या प्रकरणाच्या जागी बाईंनी एकच मजकूर ठेवला आहे: “या लोकांचे विधी आहेत. ते मी पाहिलेले नाहीत आणि मला कोणी सांगितलेले नाहीत.” पहिला नमुना आला तेव्हा त्या दोन वाक्यांखाली छापखानेवाल्यांनी आंब्याच्या पानांसह एक कलश छापला होता. चौकशी केली तर ते म्हणाले, “बाई, इतना खाली पन्ना अच्छा नहीं लगता. शुभ काम है, मैंने अपनी तरफ से डाल दिया.” त्याचे वेगळे पैसे नाहीत, असेही त्यांनी सांगितले.

मी चिडले होते. बाईंनी भिंग लावून कलश नीट पाहिला. “छान आहे. त्यांना सांग, मुखपृष्ठाच्या आत घ्या. हे पान मात्र आहे तसं राहू दे, ते भरलेलं आहे.”

समारंभासंबंधी बाईंची एक अट आहे, ती येथे कळवणे माझ्याकडे दिले आहे. लाकोटा लोकांत ज्याचा सन्मान होतो तो भेटी घेत नाही. त्याच्या घरची माणसे इतरांना भेटी देतात. बाईंनी ही रीत लिहायला त्या शिक्षिकेने आनंदाने होकार दिला, आणि “करून बघा, सोपे नाही” असेही कळवले. म्हणून येणाऱ्यांनी शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ काही आणू नये. बाई प्रत्येकाला पुस्तकाची एक प्रत स्वतःच्या हाताने देणार आहेत. पहिली प्रत आत्याला मिळणार आहे. तिला अक्षर येत नाही. मी तिला तिचे नाव असलेले पान वाचून दाखवले आहे. तिने विचारले की तिकडच्या मांस कुटणाऱ्या बायकांचीही नावे आहेत का. नाहीत, म्हटल्यावर म्हणाली, “मग त्यांच्या वाटचं पण वाच.” ते प्रकरण मी तिला दोन वेळा वाचून दाखवले.

पाऊस संपला की बाईंना उदयनगरला जायचे आहे. तेथल्या जंगलातल्या बायका कोणते कंद कधी उकरतात आणि त्यांतले काय सांगायचे नसते, हे विचारायला. गुडघे दुखतात, डोळे साथ देत नाहीत, तरी जीपची चौकशी त्यांनी करून ठेवली आहे. त्यांना तो प्रवास झेपावा, त्यानंतरचेही अनेक झेपावेत, आणि शंभरी गाठेपर्यंत त्यांनी दारात उभे राहून आधी विचारावे आणि मगच आत जावे, एवढे आयुष्य आणि आरोग्य त्यांना लाभो, ही आम्हा सर्वांची मनापासूनची इच्छा.